बंगला असणाऱ्यांची यादी

शिक्का मीच मारला होता, हे आधी सांगून टाकते. पुढं जी चौकशी झाली तिच्यात हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि आमच्या कार्यालयात न विचारलेलं सांगायची पद्धत नाही.

मी नगरपरिषदेत जन्म-मृत्यू विभागात आहे. नवरा इथंच पाणीपुरवठ्यात होता. तो गेला तेव्हा अनुकंपावर मला घेतलं, आणि अक्षर चांगलं म्हणून गावातले जन्म आणि मरण माझ्याकडं दिले. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. गाव लहान. वणीकडं जाणारे-येणारे कोळशाचे ट्रक माझ्या खिडकीखालून जातात, त्यामुळं रजिस्टरांवर सकाळ-संध्याकाळ फडकं मारावं लागतं. जन्माचं आणि मृत्यूचं रजिस्टर एकाच फडक्यानं पुसलेलं चालतं का, असं एका नव्या शिपायानं मला विचारलं होतं. चालतं.

त्या दिवशी आवक-जावकचा बाबू भाच्याच्या लग्नाला गेला होता, म्हणून टपाल माझ्याकडं आलं. त्यात ते पत्र होतं. दिल्लीहून मुंबई, मुंबईहून विभाग, विभागातून जिल्हा, असं उतरत आलेलं, आणि प्रत्येक ठिकाणी त्याची झेरॉक्स निघालेली. आमच्यापर्यंत येईस्तोवर अक्षरं पार फिकी पडली होती. बांगलादेशातून चोरून आलेली माणसं शोधायची मोहीम केंद्रानं काढली होती, पेपरात रोज तेच होतं, आणि हे पत्र तिचंच होतं. पण विषयात नुसतं ‘विशेष पडताळणी मोहिमेबाबत’ असं लिहिलेलं, आणि विशेष मोहिमा आमच्याकडं महिन्यातून चार येतात. मी गोल शिक्का उचलला आणि जिथं मोकळं दिसलं तिथं दाबला. शाई जास्त झाली होती. मग वाचता येत होतं ते एवढंच: ‘आपल्या हद्दीतील बंगला’, त्यानंतर आमच्या नगरपरिषदेचं गोल काळं तोंड, आणि पुढं ‘व्यक्तींची यादी विहित नमुन्यात तीन दिवसांत सादर करावी’. शिक्क्याखाली ‘भाषी’ हा शब्द गेला होता; दिल्लीवाले बंगालीला बंगला म्हणतात.

आमचे मुख्याधिकारी तरुण आहेत, पुण्याकडचे. ते दिवसभर व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर असतात. एका कानात जिल्हा असतो आणि उरलेल्या कानानं ते आमचं ऐकतात. त्यांनी पत्रावर हिरव्या शाईनं ‘कर विभाग, तातडीने’ असं लिहिलं.

कर विभागात आमचे काका. सगळेच त्यांना काका म्हणतात, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. कुठल्या घरावर काय छप्पर आहे हे त्यांनी स्वतःच्या एका वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: टीन, कवेलू, स्लॅब, बंगला. सरकारी रजिस्टरात असा रकाना नाही. तो काकांनी आपल्या मनानं काढला, आणि तीस वर्षांत त्याबद्दल त्यांना कोणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. आता थेट दिल्लीनं विचारलं म्हटल्यावर काका दोन दिवस डबा खायला उठले नाहीत. विहित नमुन्यात ‘मूळ गाव’, ‘या ठिकाणी केव्हापासून वास्तव्य’, ‘सोबत राहणाऱ्या व्यक्ती’ असे रकाने होते. मी म्हटलं, काका, घराच्या यादीत हे कशाला? ते म्हणाले, नवा टॅक्स बसवून राह्यले, तुले नाही समजणार. त्यांनी सगळे रकाने भरले. पहिलं नाव अध्यक्षांचं होतं, कारण सगळ्यात मोठा बंगला त्यांचा. मग डॉक्टर, मग जिनिंगवाले, मग दोन ठेकेदार, मग एक निवृत्त हेडमास्तर, ज्यांच्या बंगल्याला काका मनातून बंगला मानत नव्हते पण सज्जा होता म्हणून घेतलं. मुख्याधिकाऱ्यांनी व्हीसी चालू असताना सही केली.

पंधरा दिवसांनी पडताळणी पथक आलं. बाहेरच्या जिल्ह्यातलं होतं, पाच-सहा जण, हातात आमची यादी. ते थेट अध्यक्षांच्या बंगल्यावर गेले.

आमचे अध्यक्ष तेव्हा नुकतेच निवडून आले होते. बरीच वर्षं प्रशासकाचं राज्य होतं, त्यानंतरचे हे पहिले. त्यांना वाटलं, वरून संरक्षण मिळालं. त्यांनी पथकाला चहा-चिवडा दिला. पथकप्रमुखांनी चिवडा खाल्ला आणि जन्माचा दाखला मागितला. मग वडिलांचा मागितला. मग विचारलं, तुमचे आजोबा कुठून आले.

माझ्या खिडकीशी एरवी कोण येतं? कडेवर लेकरू घेतलेली बाई येते, नाहीतर डोकं भादरलेला माणूस येतो. बंगलेवाल्यांचे दाखले शिपाई घेऊन जातात. त्या दुपारी मात्र गावातल्या सगळ्या मोठ्या गाड्या आमच्या आवारात आडव्यातिडव्या उभ्या होत्या, आणि गाडीतली माणसं रांगेत. डॉक्टरांनी मला पहिल्यांदा नमस्कार केला. मी अर्जाचा नमुना दिला आणि सांगितलं, व्यवस्थित भरा, खाडाखोड चालणार नाही. एवढं समाधान मला नोकरीत फार कमी वेळा मिळालंय.

नोंदी अर्थातच सापडल्या नाहीत. अध्यक्षांचा जन्म मामाच्या गावचा, मारेगावकडचा. त्या काळी खेड्यातले जन्म कोतवाल वहीत लिहायचा, आणि कोतवालाच्या कानावर आलं तर लिहायचा. ते साल वाळवीनं खाल्लेलं होतं. शाळेत हेडमास्तरांनी एक जुलै टाकून दिली, कारण त्या दिवशी शाळेत नाव घातलं. आमच्या गावातले निम्मे म्हातारे एक जुलैला जन्मलेले आहेत. इथं जन्मलेल्यांचं म्हणाल तर आमची जुनी रजिस्टरं एका पुरात भिजली, उरलेली वाळत घातली होती ती गाईनं खाल्ली, असं मला नोकरीत लागताना सांगण्यात आलं. मी एकेकाला छापील दाखला लिहून दिला: ‘आपल्या जन्माची नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.’ सही, शिक्का. अध्यक्षांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, याच्यात मी जन्मलो असं कुठं लिहिलंय? मी म्हटलं, कुठंच नाही साहेब.

दुसऱ्या दिवशी विशेष सभा लागली. विशेष सभेला आधी नोटीस द्यावी लागते, ती दीड तास आधी दिली. कार्यवृत्त लिहायला मला बसवलं. अध्यक्ष तापलेले होते. केंद्राचं पथक गावात येतं, नगरपरिषदेला विचारत नाही, सांगत नाही, आणि ज्यांनी हे गाव उभं केलं त्यांना म्हणतं तुम्ही कुठले. विरोधी पक्षाचे दोन बंगले यादीत होते, त्यामुळं विरोधकही तापलेले होते. मुख्याधिकारी म्हणाले, ठरावाची भाषा थोडी सौम्य ठेवावी. अध्यक्ष माझ्याकडं बघून म्हणाले, “लिहा मॅडम. आपल्या गावात जो ऱ्हाते, तो आपल्या गावचा. त्याले त्याचं मूळ गाव इचारायचा हक कोनालेच नाही.”

मी त्याचं कार्यालयीन मराठी केलं: ‘या शहरात वास्तव्य करणारी प्रत्येक व्यक्ती या शहराचीच असून तिच्या मूळ गावाबाबत विचारणा करून तिला त्रास देण्यात येऊ नये, असे ही सभा ठरविते.’ सर्वानुमते मंजूर. बाकं वाजली. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. आमच्या सभागृहात एरवी नाल्या आणि फ्लेक्सच्या परवानग्या मंजूर होतात. एवढं मोठं वाक्य तिथं पहिल्यांदाच उच्चारलं गेलं आणि ते माझ्या अक्षरात होतं.

दारात आमचे कामगार गर्दी करून ऐकत होते. त्यात आमचे वालमन होते. पाण्याच्या टाकीवरून वेगवेगळ्या भागांना पाणी सोडणारा माणूस, त्याला आम्ही वालमन म्हणतो. हे माझ्या नवऱ्याच्या हाताखाली शिकले, पोरसवदा असताना आले आणि रोजंदारीवर लागले, ते अजून रोजंदारीवरच आहेत. मूळचे बंगाली. वैनगंगेपलीकडं सरकारनं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती वसवल्या, त्यातल्या एकीत त्यांचा जन्म. भेटेल त्याला ते ‘दादा’ म्हणतात, म्हणून गाव त्यांना दादा म्हणतं. कार्यालयात सगळे मला मॅडम म्हणतात, दादा एकटे वहिनी म्हणतात. गावातली पाइपलाइन नकाशावर नाही. ती माझ्या नवऱ्याच्या डोक्यात होती, आणि तो गेल्यावर दादांच्या डोक्यात राहिली. सभा सुटल्यावर त्यांनी विचारलं, “आता पक्कं ना वहिनी, ठराव झाला म्हंजे?” मी म्हटलं, पक्कं.

तिसऱ्या दिवशी घोळ उघडा पडला. पथकप्रमुख निवृत्त हेडमास्तरांकडं गेले आणि त्यांना मातृभाषा विचारली. हेडमास्तर म्हणाले, वऱ्हाडी. मग त्यांना वऱ्हाडी आणि बंगाली यांचा काय संबंध असं विचारलं गेलं आणि त्यांनी पाऊण तास समजावून सांगितलं की काहीच नाही. पथकप्रमुख शहाणे होते, त्यांनी मूळ पत्र मागवलं आणि खिडकीशी उजेडाला धरलं. शिक्क्याच्या आत ‘भाषी’ दिसला. सगळ्यांना नमस्कार करून, पुन्हा चिवडा खाऊन पथक गेलं. मुख्याधिकाऱ्यांना कारणे दाखवा नोटीस आली आणि त्यांनी ती काकांना दिली. काकांनी उत्तरात लिहिलं की दिल्लीनं विचारलं ते दिलं.

आणि सुधारित यादी मागितली. बंगाली बोलणाऱ्यांची. एका दिवसात.

ते काम मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडं दिलं. म्हणाले, मॅडम, तुम्ही गावातल्या सगळ्यांना ओळखता, खात्री करून पाठवा. कोणी नसेल तर निरंक पाठवा, आपल्यासारख्या गावांनी बहुतेक निरंकच पाठवलंय. सरकारी कामात नसलेल्या गोष्टीला निरंक म्हणतात. साथीचे रुग्ण निरंक, अनधिकृत होर्डिंग निरंक, आणि आम्ही हा शब्द इतका लिहितो की माझा हात तो आपोआप लिहितो. काका म्हणाले, “निरंक लिह आन मोकळी होय. कायले भानगडीत पडतं?”

मी तेव्हा लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, त्याचं कारण सांगते, आणि ते फार चांगलं नाही. मला राग आला होता. अख्खं गाव चार दिवस खोटं नाटक करत होतं: सही न वाचता, यादी न समजता, दाखले जन्म नसल्याचे. मला वाटलं, निदान एक कागद तरी या कार्यालयातून खरा जाऊ दे. आणि ठराव झाला होताच की. माझ्या अक्षरात.

मी दादांना बोलावून विचारलं, असं असं पत्र आहे, काय करू. ते जराही घाबरले नाहीत.

“मी तं बंगालीच आहो वहिनी. लपवाचं काय त्याच्यात? माह्या बापाले सरकारनंच आनलं. कागद आहे ना माह्यापाशी.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद आणले. रेशनच्या साखरेची असते तशी जाड पिशवी, तिच्यात प्लास्टिक, प्लास्टिकमध्ये तो कागद. मी एवढी वर्षं कागदांत घालवली, असा कागद पाहिला नव्हता. कुटुंबप्रमुख म्हणून त्यांच्या वडिलांचं नाव, मग आईचं, मग दोन मोठ्या भावांची, वयासकट. कोणत्या तारखेला सीमेवर आले, कोणत्या छावणीत ठेवले, कोणत्या वसाहतीत किती जमीन दिली, सगळं टाइप केलेलं, प्रत्येक ओळीपुढं साहेबाची सही आणि कागदाच्या चारही कोपऱ्यांत शिक्के. कुठंही शिक्का अक्षरावर बसलेला नव्हता. सोबत दादांचा शाळा सोडल्याचा दाखला: जन्मस्थळ ती वसाहत, महाराष्ट्रातली. गावातल्या एकाही बंगल्यातून एवढी पूर्ण फाईल निघाली नसती. मी झेरॉक्स काढल्या, साक्षांकित केल्या, ठरावाची प्रत जोडली, यादीत एकच नाव लिहिलं आणि शेऱ्यात लिहिलं, ‘कागदपत्रे परिपूर्ण’. मला माझ्या फाईलचा अभिमान वाटला. मुख्याधिकाऱ्यांनी या वेळी वाचून सही केली आणि म्हणाले, असं काम पाहिजे.

आठवडा झाला असेल. पथक आलं ते सकाळी, आणि या वेळी त्यांनी कोणाकडं चहा घेतला नाही. थेट टाकीवर गेले. दादा लोखंडी चावीनं वाल फिरवत होते. त्यांना चावी खाली ठेवायला सांगितली आणि गाडीत बसवलं. शिपाई धावत सांगायला आला तेव्हा मी एका मुलीच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत होते.

पथकप्रमुख पोच द्यायला आमच्या कार्यालयात आले. मी माझ्या खुर्चीवरून उठून मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये न विचारता गेले. मी पथकप्रमुखांना म्हटलं, साहेब, दादांची फाईल पूर्ण आहे, मी स्वतः केलीय. त्यांचा जन्म इथला आहे. वडिलांना सरकारनं वसवलंय, सरकारचाच कागद आहे. तुम्ही गेल्या वेळी आलात तेव्हा एकाकडंही कागद नव्हता, त्यांना नमस्कार करून गेलात.

पथकप्रमुखांनी फाईल उघडली. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. त्यांनी वडिलांच्या नावापुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. पूर्वीचा पत्ता, जिल्हा खुलना. तो आता बांगलादेशात आहे.

“मॅडम, बाकीच्यांचे आजोबा कुठून आले ते कागदावर नाही. यांचे वडील कुठून आले ते आहे. आता ते आम्हाला तपासावं लागणार.”

मी म्हटलं, तो कागद मी जोडला नसता तर? ते म्हणाले, तर आम्ही आलोच नसतो.

मी मुख्याधिकाऱ्यांकडं बघितलं. त्यांच्या कानात जिल्हा होता.

दादांना कुठं नेलं ते कोणी सांगितलं नाही. त्या दिवसांत पेपरात बातम्या येत होत्या: कुठून कुठून उचललेली माणसं थेट सीमेपलीकडं ढकलून दिली, आणि मग कळलं की त्यातली काही इथलीच होती. ती पलीकडच्या शेतात उभी राहून घरी फोन करत होती. दादांनी ती सीमा कधी पाहिली नव्हती. ते वैनगंगेच्या पलीकडून आले होते. त्यांची बायको रोज सकाळी येऊन आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसायची आणि कार्यालय बंद झालं की उठायची. तिच्याशी काय बोलावं ते कळत नसल्यानं लोक तिला पाणी विचारायचे. तिलाच विचारायचे, आणि पाणी नव्हतं.

कारण गावातले नळ गेले होते. दादांच्या जागी बांधकामातला एक माणूस दिला, त्यानं पहिल्या दिवशी पाणी सोडलं ते सगळं स्मशानभूमीत गेलं. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात गेलं, बाजार नसताना. बँकेजवळचा वाल उलटा फिरतो हे फक्त दादांना माहीत होतं, त्या माणसानं सुलटा फिरवून तोडला. अकराव्या दिवशी बायका रिकामे गुंड-कळशा घेऊन आवारात आल्या आणि त्या दिवशी पुन्हा विशेष सभा लागली.

मी कार्यवृत्ताला बसले, जुना ठराव सोबत घेऊनच. कधी नाही ते मी सभेत बोलले. लिपिकानं बोलायचं नसतं, पण मी म्हटलं, आपण ठरवलंय की या शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला मूळ गाव विचारायचं नाही. त्या ठरावाच्या आधारे नगरपरिषदेनं मागणी करावी की आमचा माणूस परत द्या. मग मुख्याधिकारी म्हणाले, त्या ठरावाचा संदर्भ वेगळा होता. विरोधी पक्षनेते म्हणाले, हो, तो बंगल्यांच्या संदर्भात होता. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्यांना मी इतकी वर्षं ओळखते. ते वाईट नाहीत, पण त्यांच्या बंगल्यावर आता पथक येणार नव्हतं, आणि पुन्हा यावं असं काही करायची त्यांची तयारी नव्हती. जुन्या ठरावात ‘प्रत्येक व्यक्ती’च्या जागी ‘प्रत्येक मालमत्ताधारक’ अशी दुरुस्ती झाली. सर्वानुमते. मीच लिहिली.

आणि एक पत्र द्यायचं ठरलं. त्याचा मसुदा असा: ‘शहराचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला असून सदर रोजंदारी कर्मचाऱ्याची नितांत आवश्यकता आहे, तरी तपासणी होताच तो परत मिळावा.’ दुरुस्तीला दिलेल्या मोटारपंपासाठी आम्ही असंच पत्र लिहितो. मला लाज वाटली, तरी मी ते स्वच्छ अक्षरात लिहिलं, कारण त्या माणसासाठी आमच्या नगरपरिषदेनं केलेलं तेवढंच होतं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी दादा एसटीतून उतरले. पत्रामुळं सुटले, की कागद खरा निघाला, की कोणाला कंटाळा आला, कळलं नाही. हातात एक चिठ्ठी होती, दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यायची. ते घरी गेले, आंघोळ केली आणि टाकीवर आले. तासाभरात तीन नंबरच्या भागातले नळ आले, मग चार नंबरचे. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला: पाणीपुरवठा सुरळीत केल्याबद्दल अध्यक्षांचं हार्दिक अभिनंदन. फ्लेक्सची परवानगी निरंक होती.

मी दादांच्या समोर जायचं टाळलं. माफी मागायची तर काय म्हणून मागायची, हे जुळवत होते. पाच-सहा दिवसांनी तेच खिडकीशी आले. रांग नव्हती. म्हणाले, वहिनी, माझ्या पोरीची नोंद तुमच्याकडं आहे ना, बघता येईल का. पोरगी नववीत आहे, आमच्याच शाळेत. मला वाटलं दाखला हवा असेल. मी रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि त्यांच्याकडं फिरवलं. माझंच अक्षर. मुलीचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आणि वडिलांचा कायमचा पत्ता, ती वसाहत. त्यांनी ओळीवरून बोट फिरवत सावकाश वाचलं.

“वहिनी, हे खोडता येते काय?”

मी विचारलं, पत्ता? त्यांनी मान हलवली.

“पत्ता नाही. अख्खी ओळच. अध्यक्षसाहेबायची नोंद नाही, डॉक्टरसाहेबायची नाही. त्यायले कोनी नेलं काय? माह्या पोरीचं बी कुठंच काही लिहून नको.”

ते भांडत नव्हते. मला दोषही देत नव्हते. एखादा माणूस नळाची जोडणी बंद करायचा अर्ज घेऊन येतो तसे उभे होते. मी त्यांना सांगितलं की झालेली नोंद खोडता येत नाही, कायद्यात तशी सोय नाही, मला अधिकार नाही. मी नियमांचं पुस्तक काढायला लागले, तेव्हा त्यांनीच मला म्हटलं, राहू द्या वहिनी, नसंल होत तं राहू द्या. चार नंबरचे नळ सोडायची वेळ झाली होती. ते गेले.

रजिस्टर बंद करायच्या आधी मी नोंदीची तारीख पाहिली. जन्मानंतरचा एकविसावा दिवस. घरी झालेल्या बाळाची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते, आणि तो शेवटचा दिवस होता. दादा त्या दिवशी नोंद करायला आलेच नव्हते, कसल्या तरी वालच्या सामानासाठी आले होते. मीच त्यांना हाक मारून बसवलं, अर्ज मीच भरला. म्हटलं होतं, नोंद करून टाका दादा, एकदा पोरीचं नाव या रजिस्टरात चढलं की तिला कोणी विचारणार नाही तू कुठली. खिडकीशी बाळ घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच म्हणत आले.

आता म्हणत नाही. अर्ज देते आणि सही कुठं करायची ते दाखवते.